ऊस कोण तोडतं?

परवा केजची भाची आयईएलटीएसचा सराव घेऊन बसली होती. लेखनाचा पहिला प्रश्न : उसापासून साखर. आकृती बघायची, 20 मिनिटांत किमान 150 शब्द लिहायचे. क्लासवाल्यांनी साचा पाठ करून दिलेला. ऊस तोडला जातो, गाळला जातो, रस उकळला जातो... सगळं कर्मणी!

आकृतीबाहेरचं लिहायचं नाही, हा नियम मला मान्य आहे. परीक्षा भाषेची आहे. माझं भांडण साच्याशी आहे. पाठ केलेली वाक्यं परीक्षकांना चालत नाहीत, मग पैसे कसले घेता? या पोरीने साखर कारखाना पाहिलाय. रसात चुना घातला की मळ खाली बसतो, चिपाडावर बॉयलर पेटतो, हे तिला ठाऊक आहे. ज्याला क्रम कळलाय त्याला वाक्यं जोडायला शिकवा, घोकायला नको!

आणि 'तोडला जातो' म्हणजे कोणाकडून? आमच्या बीडमधून दिवाळीच्या सुमारास जी बिऱ्हाडं निघतात, ज्यांच्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात, त्यांच्याकडून.

तिला एवढंच म्हटलं, "उत्तरात कर्ता गाळ हवा तर. डोक्यातून गाळू नकोस."

असो.