काळ्या पडद्यावरचं गाणं

एक गाणं ऐकायला खरंच एवढा तामझाम लागतो का? लिनक्सचं टर्मिनल उघडा, 'एमपीजी१२३' लिहा, पुढे फाईलचं नाव, आणि एंटर. झालं! हॉस्टेलवरचा कमी रॅमचा म्हातारा पीसीसुद्धा हे काम हसत करतो. कारण या प्रोग्रामला खिडक्या-बटणं रंगवायची नसतात. फाईल उलगडायची आणि आवाज साऊंड कार्डाकडे पाठवायचा, एवढंच.

पण मला हे आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी. पडद्यावर बघण्यासारखं काही नसलं की माणूस ऐकायला लागतो. हल्ली मी असे द. वि. पलुस्कर ऐकतो. ते १९२१ साली आपल्या नाशिकमध्येच जन्मले, हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना कुठलं ठाऊक! त्यांच्या काळी ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात अख्खा राग उभा करायचा! आणि आपण? तीस सेकंदांत 'नेक्स्ट'.

तेव्हा या रविवारी कमांड द्या, कीबोर्डवरून हात काढा आणि तीन मिनिटं नुसतं ऐका. हेडफोन मात्र लावा हं, शेजारच्या रूममध्ये सबमिशन चालू असतं!