सही आमची, निर्णय त्यांचा

ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीबाबतच्या २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात: निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात, अध्यक्षपदी ग्रामपंचायतीत निवडून आलेली, शक्यतो दलित वा आदिवासी महिला हवी. हाताशी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा निधी. कागद उत्तम आहे. पण बैठक बड्या घराच्या ओसरीवर भरत असेल आणि नर्सबाई वस्तीच्या तोंडाशीच परत फिरत असतील, तर देखरेख कोण कुणावर ठेवतंय? सही आमची, निर्णय त्यांचा. याला लोकसहभाग म्हणत नाहीत, हा जुनाच गावगाडा आहे. घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, गावी जाल तेव्हा समितीचं इतिवृत्त मागा. दिलं नाही, तर माहिती अधिकार वापरा. खर्च वस्तीत मोठ्यानं वाचा. पुढची बैठक तिथेच घ्यायला लावा.