नमुन्यासोबत तापमानही लिहा

मातीतील फॉस्फोलिपिड मेदाम्लांची चाचणी आता बऱ्याच प्रयोगशाळांच्या परिचयाची आहे. दोन अहवालांत आयसो आणि अँटिआयसो साखळ्यांचे प्रमाण वेगळे दिसले, की मातीतले जिवाणू बदलले असा निष्कर्ष लगेच लिहिला जातो. ही घाई आम्हाला खटकते. जिवाणू तेच असले, तरी त्यांची मेदाम्ले बदलू शकतात.

बॅसिलस सबटिलिसचेच पाहा. मेदाम्लाची साखळी दर फेरीला दोन कार्बनांनी वाढते, ती ई. कोलायमध्येही तशीच वाढते. फरक आहे तो सुरुवातीच्या तुकड्यात. ई. कोलाय अॅसिटिलपासून आरंभ करतो. बॅसिलसमधले फॅब-एच विकर मात्र व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन या अमिनो आम्लांपासून आलेले फांदीदार तुकडे निवडते. ल्युसिनपासून विषम कार्बनांची आयसो साखळी होते, आयसोल्युसिनपासून अँटिआयसो. अँटिआयसोची फांदी शेपटाकडून तिसऱ्या कार्बनावर असल्यामुळे या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत आणि थंडीतही पेशीपटल प्रवाही राहते. म्हणून गारठ्यात हा जिवाणू अँटिआयसोचा वाटा वाढवतो. शिवाय पटलातच बसलेले देस-के हे प्रथिन तापमानाची घट ओळखते आणि तयार साखळीत दुहेरी बंध घालणारे विकर बनवायला लावते. इतक्या लहान जिवाची ही तजवीज थक्क करणारी आहे.

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंची तऱ्हा वेगळी. वाढ थांबली किंवा उपासमार झाली, की त्यांतले अनेक जण दुहेरी बंधावर आणखी एक कार्बन बसवून सायक्लोप्रोपेनचे वलय करतात. अशा वेळी केवळ दुहेरी बंधाची मेदाम्ले मोजणाऱ्याला हे जिवाणू घटल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते ताणाखाली असतात.

मग मे महिन्यात विदर्भातल्या शेतातून घेतलेला नमुना गाडीच्या डिकीत तापत दिवसभर फिरला, तर अहवाल शेताचा मानायचा की डिकीचा? मेलेल्या पेशींतली फॉस्फोलिपिडे लवकर विघटित होतात, ही अडचण आणखी वेगळीच.

नमुने घेणाऱ्या प्रत्येकाला आमची विनंती आहे: मुळांचे तुकडे जागेवरच वेचून काढा, कारण बुरशीची खूण मानलेले लिनोलेइक आम्ल मुळांतही असते. नमुना लगेच बर्फात ठेवा, प्रयोगशाळेत पोहोचताच गोठवा आणि मातीचे तापमान, ओलावा व नमुना घेतल्याची वेळ पिशवीवर लिहा. या तीन नोंदी नसतील, तर प्रयोगशाळेने तो नमुना परत पाठवावा.