पाणीवाल्या बाईचा मतदारसंघ

निवडणूक आली की आपल्या वस्त्यांमध्ये अचानक बायकांचा आदर वाढतो. महिला मेळावे होतात, हळदीकुंकवं होतात, व्यासपीठावरून ‘माता-भगिनींनो’ अशी हाक येते. मतदान झालं की मांडव उतरतो आणि माता-भगिनी पुन्हा नळाच्या रांगेत उभ्या राहतात. उमेदवार निवडताना मात्र या माता-भगिनींना कोणी विचारत नाही. हे कसं घडतं ते समजून घ्यायचं तर एखाद्या मतदारसंघाचा इतिहास नीट तपासायला हवा. या अंकात आम्ही मुंबईच्या उपनगरांचा, त्यातही उत्तर मुंबईचा, विचार करत आहोत.

पहिल्या लोकसभेत, १९५२ साली, मुंबई उपनगर मतदारसंघातून निवडून आल्या त्या जयश्री रायजी. स्त्री-संघटनांमध्ये काम केलेली ही बाई. म्हणजे उपनगरांची सुरुवात तर चांगली झाली होती. पण १९५७ आणि १९६२ साली उत्तर मुंबईची जागा व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याकडे गेली. १९६२ ची मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी ही लढत देशभर गाजली. चीन, संरक्षण, परराष्ट्र धोरण असे मोठे मोठे विषय चर्चेत होते. उपनगरातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा त्या चर्चेत कुठेच नव्हता.

१९६७ साली ईशान्य मुंबईत स. गो. बर्वे मेनन यांना हरवून निवडून आले आणि थोड्याच दिवसांत त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही मेनन यांना हरवलं. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर बाईला उमेदवारी, ही वाट पुढेही आपण अनेकदा पाहिली. त्या वाटेने आलेल्या बाईला आम्ही कमी लेखत नाही. प्रश्न एवढाच, की पक्षांना बाई फक्त तेव्हाच का आठवते?

दुसरी वाट उपनगरांनीच दाखवली होती. मृणाल गोरे १९६१ साली गोरेगावातून महापालिकेत गेल्या त्या पाण्याच्या प्रश्नावर बायकांना संघटित करत. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिलं. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महागाई वाढली, रॉकेल आणि गोडेतेल मिळेना, तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी, कम्युनिस्ट, कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या, अशा सगळ्या जणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. ज्या वस्तूने घरात राबायचं तीच मोर्च्यात हातात आली.

त्यानंतर आणीबाणी आली. मृणालताई भूमिगत झाल्या, पकडल्या गेल्या. १९७७ साली त्या उत्तर मुंबईतून निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घराघरात पोचली. त्याच निवडणुकीत उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर आल्या आणि १९८० साली तिथूनच प्रमिला दंडवते. लाटणं मोर्च्याच्या तिन्ही नेत्या लोकसभेत पोचल्या! १९७७ च्या लोकसभेत देशभरातून अवघ्या १९ बायका होत्या. त्यांतल्या दोघी एकट्या मुंबईच्या. हे कुणा पक्षाच्या कृपेने घडलं नाही. वस्ती-वस्तीत बांधलेल्या संघटनेमुळे घडलं. नंतर विधानसभेत गेल्यावर मृणालताईंनी गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध आवाज उठवला तोही चळवळीच्याच बळावर, आणि १९८८ साली महाराष्ट्राने त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला.

१९७७ नंतर उत्तर मुंबईने एकही बाई लोकसभेत पाठवलेली नाही. १९८० ते २०२४ या काळात रवींद्र वर्मा, अनुपचंद शहा, पाच वेळा राम नाईक, मग गोविंदा, संजय निरुपम, दोनदा गोपाळ शेट्टी आणि पियुष गोयल निवडून आले. पक्ष बदलले, नट आले, मंत्री आले. २०१९ साली ऊर्मिला मातोंडकर उभ्या राहिल्या आणि साडेचार लाखांहून अधिक मतांनी हरल्या. २०२४ साली साडेतीन लाखांहून अधिक मतांनी जागा जिंकली गेली. जागा इतकी ‘सुरक्षित’ झाली की उमेदवार कोण हे वरचे नेते ठरवतात आणि मतदाराने फक्त शिक्का उमटवायचा असतो.

या काळात उपनगरातली बाई काही घरात बसून नव्हती. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली ही खास बायकांची लोकल सुरू झाली, कारण नोकरीला जाणाऱ्या बायकांची गर्दी कोणालाच नाकारता येत नव्हती. त्याच वर्षी राखीव जागांमुळे महापालिकेत बायका मोठ्या संख्येने पोचल्या. आज तिथे निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. दहिसर आणि गोरेगाव इथून २०१४ पासून सलग तीनदा बायकाच आमदार झाल्या. म्हणजे ‘सक्षम बाई मिळत नाही’ हे कारण खोटं आहे. मुंबईच्या सहा खासदारांत २०२४ साली बाई एकच, वर्षा गायकवाड. महाराष्ट्राच्या ४८ मध्ये सात.

लोकसभा आणि विधानसभांतल्या एक-तृतीयांश जागांचं विधेयक १९९६ साली पहिल्यांदा आलं. मंजूर व्हायला २०२३ साल उजाडलं, आणि तेही जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांची अट घालून. २००८ च्या फेररचनेत वसईचा पट्टा पालघरला जोडला गेला. मृणालताईंचं गोरेगाव आज वायव्य मुंबईत आहे. सीमा आखणं हा कारकुनी मामला वाटतो, पण कोणती वस्ती कुणाबरोबर मत देणार हे त्यातच ठरतं.

आरक्षण यायलाच हवं. पण तयारी नसेल तर राखीव जागांवर नेत्यांच्या लेकी-सुनाच दिसतील. म्हणून कामाला आजच लागायला हवं. मतदार याद्या तपासा. सासरी आलेल्या मुलीचं नाव माहेरी राहतं, घर पाडलं की पत्ता जातो आणि पत्त्याबरोबर यादीतलं नाव. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या झोपड्या १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर तोडल्या गेल्या, तेव्हा उपनगरांनी हे जवळून पाहिलं. एका नावाने काय होतं असं म्हणू नका. वायव्य मुंबईचा २०२४ चा निकाल ४८ मतांनी लागला!

आपापल्या वस्तीतल्या पाणी, रेशन, घर, हिंसाचार या कामांत पुढे असलेल्या बायकांची नावं आत्ताच पुढे आणा. पक्षांच्या दारात उमेदवारी मागायला जाऊ तेव्हा हात जोडून नको, मोर्चा घेऊन जाऊ. लाटणी अजून आपल्याच स्वयंपाकघरात आहेत.

— संपादक गट