कोरडा दिवस आणि भरलेले पिंप

पावसाळा लागला की आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा आणि त्या दिवशी पाण्याची सर्व भांडी रिकामी करून घासावीत, अशी सूचना आरोग्य खात्याकडून होते. शास्त्रदृष्ट्या ती निर्दोष आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरात साठविलेल्या स्वच्छ पाण्यावर वाढतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. परंतु उजनीचे धरण भरलेले असतानाही ज्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथील विडी वळणाऱ्या वा यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबाने, केवळ आज अमुक वार आहे म्हणून, भरलेले पिंप ओतून द्यावे, असे सांगणाऱ्याला त्या घराचा संसार ठाऊक नाही असेच म्हणावे लागेल.

माणसाच्या परिस्थितीला जे पेलत नाही ते त्याला शिकविता येत नाही, हे आरोग्यशिक्षणाचे आद्य तत्त्व आहे. 1897 साली प्लेगच्या बंदोबस्तासाठी सरकारने स्वतंत्र कायदा केला आणि पुण्यात गोऱ्या शिपायांकरवी घरांची झडती घेतली. परिणाम असा झाला की लोक रोग्यांना लपवू लागले. याउलट सोलापूर जिल्ह्यातीलच पंढरपुरात, जेथे एके काळी यात्रेबरोबर पटकीही येत असे, गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. शेजारच्या, तेव्हाच्या नगर जिल्ह्यात जामखेड येथे आरोळे दांपत्याने 1970 साली काम सुरू करून पुढे गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले, तेव्हा त्यांनीही हाच मार्ग व्यापक केला. ज्याच्या शब्दावर शेजारणीचा विश्वास बसतो, तोच खरा शिक्षक.

सोलापूरपुरता याचा अर्थ सरळ आहे. कोरडा दिवस कचेरीच्या सोयीच्या वाराला न ठरविता, ज्या भागात ज्या दिवशी पाण्याची पाळी असेल त्या दिवशीच ठरवावा. पिंप तळाला गेलेले असते ती हीच वेळ. उरलेले पाणी कपड्याने गाळून बाजूला काढावे, आतली कड खसखसून घासावी, कारण तेथे चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात, आणि मगच पिंप भरून त्यावर घट्ट फडके बांधावे. हे पूर्व भागात तेलुगूतून, अन्यत्र कन्नड, उर्दू वा मराठीतून, त्याच गल्लीतल्या आशाताईने पिंपापाशी उभे राहून करून दाखवावे. चौकातल्या फलकाने ते साधणार नाही.

मात्र या शिकवणीची एक बाजू पालिकेच्या दप्तरातही नोंदली जावी. पाळी सात दिवसांच्या आत आणि नेमाने आली, तरच नागरिकाला शिकलेले पाळता येते; ती लांबली, तर होणाऱ्या डासांची जबाबदारी गृहिणीच्या माथी मारण्याचा अधिकार कोणत्याही अंमलदारास नाही. म्हणून पाण्याचे वेळापत्रक आणि आरोग्याची सूचना एकाच पत्रकावर, एकाच सहीने निघावी, एवढी तजवीज पालिकेने येत्या पावसाळ्यापूर्वी करावी.