डोळ्यांतील भिंग आणि घरांतील तांब्या

गेल्या माघांत आमच्या म्हसावदच्या घरीं लग्न होतें. त्यासाठीं थोरल्या बंधूंची नात पुण्याहून आली होती. ती चष्म्याऐवजीं बुबुळावर बसणारें मऊ भिंग वापरते. घरांतील मुलें त्याला नुसतें 'लेन्स' म्हणतात. त्या दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याची हवा अगदीं कोरडी. नंदुरबारच्या बाजूस मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या, रस्त्यांवर ट्रॅक्टरांची धूळ, आणि मांडवांत होमाचा धूर. दुसऱ्याच दिवशीं मुलीचे डोळे खुपूं लागले. भिंगें काढून धुवावीं, तर त्यांसाठींच्या द्रवाची बाटली संपलेली. शहाद्यास जाण्याची सवड कोणासच नाहीं. तेव्हां आम्हींच पुढें होऊन म्हटलें, "अग, विहिरीचें गाळलेलें पाणी आहे, तेंही तांब्याच्या हंड्यांत रात्रभर ठेवलेलें. याहून शुद्ध तें काय असावयाचें?" आणि तांब्या तिच्या हातीं दिला. ती जराशी कांकूं करूं लागली. पण आजोबांचा शब्द मोडवेना. भिंगें त्या पाण्यांत धुतलीं, रात्रभर त्याच पाण्याच्या वाटींत राहिलीं, सकाळीं पुन्हां डोळ्यांत गेलीं. आणि वरात आटोपल्यावर थकलेली मुलगी तीं तशींच ठेवून झोंपी गेली.

पुढें दोन दिवसांत उजवा डोळा लाल झाला, उजेड सोसेना, आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसूं लागला. नंदुरबारच्या नेत्रवैद्यांनीं व्रणाचा अंश खरवडून तपासला, जंतूंचा प्रादुर्भाव झाल्याचें सांगितलें, आणि दर तासास औषधाचे थेंब घालावयास लावले, रात्रींसुद्धां. घरांतील बायका पाळीपाळीनें घड्याळ घेऊन तिच्या उशाशीं बसल्या. दीड महिन्यानें डोळा निवळला. बारीकसें फूल राहिलें आहे, पण तें कडेला; दृष्टीच्या ऐन मध्यावर नाहीं. मध्यावर पडलें असतें तर, हा विचार अजूनही आमची झोंप मोडतो.

पाण्यानें सर्व कांहीं शुद्ध होतें, या समजुतींत आमची साठी उलटली. ती येथें लागू कां पडूं नये, हें नेत्रवैद्यांनीं समजावून दिलें व नंतर आम्हीं मिळेल तेथून वाचून काढलें.

बुबुळावरील पारदर्शक पडद्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर. त्यांत रक्तवाहिन्या नाहींत. असत्या तर तो पारदर्शक राहताना. मग त्यास प्राणवायु मिळतो कोठून? जागेपणीं मुख्यतः समोरच्या हवेंतून, आसवांच्या थरांत विरघळून. हा थर दिसावयास नुसतें पाणी, पण त्याच्या तळाशीं चिकट द्रव्य, मध्यें खारें पाणी, आणि वर पापण्यांच्या कडांतील ग्रंथींनीं पुरविलेलें तेल असतें. तेलामुळें पाणी लवकर उडून जात नाहीं. आणि पापणी दर खेपेस लवतांना हा थर सारवणाप्रमाणें पुन्हां सारखा करते. हें सारवण बिघडलें कीं डोळा खुपतो. डोळ्याच्या शुष्कतेचा विकार आपल्याकडे जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत तो 'शुष्काक्षिपाक' या नांवानें आला आहे. भिंग बसतें तें नेमकें याच पातळ थरांत, त्याचे दोन भाग करून. म्हणून तें डोळ्यास सुखावह वाटावें यासाठीं त्यानें ओलें राहिलें पाहिजे आणि हवाही सोडली पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र साधण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

१८८८ सालीं झुरिच येथील डॉक्टर फिक यांनीं आपल्या भिंगांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तीं काचेचीं, डोळ्याचा पांढरा भागही झांकणारीं. कांहीं तासांपलीकडे सोसवत नसत. पुढें कठीण प्लॅस्टिक आलें, आणि १९४८ मध्यें अमेरिकेंत टुओही यांनीं केवळ स्वच्छमंडलापुरतें लहान भिंग केलें. त्या प्लॅस्टिकमधून हवा मुळींच जात नसे. पापणी लवतांना कडेखालून नवीं आसवें शिरत, तेवढाच आधार. १९६१ च्या नाताळांत प्राग येथील रसायनज्ञ ओटो विख्टेर्ले यांनीं मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचें यंत्र करून, त्यास सायकलचा डायनॅमो लावून, पाणी शोषणाऱ्या मऊ पदार्थाचीं भिंगें घरींच ओतलीं. (पोरांचीं खेळणीं अडगळींत टाकणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.) या पदार्थांत शेंकडा ३८ च्या आसपास पाणी, म्हणून तो खुपत नाहीं. परंतु त्यांतून प्राणवायु जातो तो त्या पाण्याच्या वाटेनें, म्हणजे बेताचाच. शतकाच्या अखेरीस सिलिकोनयुक्त मऊ भिंगें निघालीं. सिलिकोनमधून प्राणवायु सहज जातो, पण त्यास पाण्याचें वावडें. म्हणून त्याचा पृष्ठभाग निराळ्या युक्तीनें ओला ठेवावा लागतो.

आतां झोंपेंतही भिंग निर्धोक झालें, अशी तेव्हां पुष्कळांस आशा वाटली. ती फळली नाहीं. प्राणवायूच्या अभावीं होणारी सूज कमी झाली, तरी भिंग घालून झोंपणाऱ्यांच्या व्रणांचें प्रमाण अपेक्षेप्रमाणें उतरलें नाहीं. मिटल्या डोळ्यांत पापणी लवत नाहीं, आसवें सांचून राहतात, आणि भिंगाला चिकटलेल्या जंतूंस निवांत वेळ मिळतो.

आमच्या तांब्यानें आणखी काय केलें, तेंही सांगितलें पाहिजे. आसवें खारीं, विहिरीचें पाणी त्या मानानें गोडें. त्यांत मऊ भिंग फुगतें, आकार बदलतें व डोळ्यास घट्ट बसूं शकतें. शिवाय विहीर, नळ, नदी, टाकी यांतील पाण्यांत अकँथामीबा नांवाचा सूक्ष्म जीव असतो. तो कवच धारण केल्यावर क्लोरीनलाही सहसा दाद देत नाहीं, मग फडक्यास काय देणार! सुदैवानें मुलीच्या डोळ्यांत तो निघाला नाहीं. तो व्रण महिनोन्‌महिने हटत नाहीं. तांबें कांहीं जंतूंना मारतें हें खरें. परंतु तेवढ्यावर डोळा पणास लावण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. भिंगें धुण्यास, भिजविण्यास त्यांचाच द्रव हवा, तोही रोज नवा. डबीही त्या द्रवानेंच विसळून कोरडी ठेवावी व सुमारें तीन महिन्यांनीं बदलावी. द्रव संपला, तर भिंगें काढून चष्मा लावावा. तो चष्मा तिच्या पिशवींत होता! आणि डोळा लाल होऊन दुखूं लागला, तर दुकानांतून कसलेही थेंब आणूं नयेत. उंसाचें पातें लागून बुरशीचा व्रण झालेल्या शेतकऱ्यानें स्टेरॉइडचे थेंब घातले, तर ती बुरशी अधिकच फोंफावते.

दिवाळीस मुलगी पुन्हां आली, ती नेत्रवैद्यांच्या अनुमतीनें रोज नवें घालून रात्रीं टाकून देण्याचीं भिंगें घेऊन. रोज टाकाऊ वस्तु घेणें आमच्या पिढीस उधळेपणाचें वाटतें; तरी डबी, द्रव, भिजवण यांची कटकटच उरत नाहीं हें आम्हीं कबूल केलें. सकाळीं ती ओसरीवर बसते. आम्ही तोच तांब्या घेऊन तिच्या हातांवर पाणी घालतों. ती साबणानें बोटें चोळून धुते, आणि स्वच्छ पंचानें हात पूर्ण कोरडे केल्याशिवाय पुडी उघडीत नाहीं.