बोटांची पेरे सुजतात तेव्हा

वर्षानुवर्षे घातलेली अंगठी पेरावर अडू लागली, की ‘वय झाले’ म्हणून आपण ते सोडून देता. नखाजवळच्या पेरावरील टणक गाठ बहुधा सांध्याच्या झिजेची असते. ती सहसा घातक नसते. परंतु दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी मऊ, उष्ण सूज असेल आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर तो आमवात असू शकतो. त्यावर वेळीच उपचार झाले, तर बोटे वाकडी होणे बहुतांशी टळते. एकाएकी लाल होऊन असह्य ठणकणारा सांधा युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या गाऊटचा किंवा जंतुसंसर्गाचा असू शकतो. तो त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. अंगठी मात्र सूज वाढण्यापूर्वीच उतरवून ठेवावी.